घळभरणीचा हिशेब

पानशेतच्या पुरावर पुण्यात भरपूर लिहिलं गेलं आहे. कोणाच्या वाड्याची भिंत कशी बसली, कोण माळवदावर दिवसभर अडकून पडलं, कोणाचा संसार नदीच्या कोणत्या वळणावर सापडला, हे सगळं छापून आलं आहे, आणि ते यायलाच हवं होतं. पण १९६१ च्या पावसाळ्यात त्या धरणात पाणी अडवायचं ठरलं, तेव्हा त्या निर्णयाच्या दोन्ही बाजू कागदावर मांडून तोलल्या असत्या तर काय दिसलं असतं? आणि असं न तोलणं हीच सरकारची चूक धरायची की नाही? याबद्दल माझ्या वाचनात फारच थोडं आलं. मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, निर्णयशास्त्राचा विषय माझ्याकडे असायचा. पूर आला तेव्हा मी शनिवार पेठेतल्या प्राथमिक शाळेत होतो. या दोन गोष्टी माझ्या मनात कायम एकमेकींना चिकटलेल्या राहिल्या, म्हणून हा हिशेब मांडतो.

आधी घडलं ते सांगतो. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण १९५७ पासून बांधलं जात होतं. काम १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं. ते एक वर्ष आधीच उरकून १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी साठवायचं ठरलं. मातीच्या धरणात नदीचं पात्र शेवटपर्यंत मोकळं ठेवतात आणि सगळ्यात शेवटी ती घळ भरतात. घळभरणी एकदा झाली की मागे फिरता येत नाही, कारण पुढच्या पावसाचं पाणी आता धरणाच्या पोटातच येणार असतं. ते बाहेर काढायला दोनच वाटा उरतात: एक सांडवा आणि दुसरी विमोचकाची, म्हणजे धरणाच्या तळातून जाणारी मोरी. पानशेतला त्या वर्षी या दोन्ही वाटा पूर्ण तयार नव्हत्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता आणि तलाव झपाट्याने चढत होता. विमोचकाची दारं अर्धवट उघडी होती. त्यांखालून शिरणारं पाणी मोरीतून शांतपणे न वाहता उसळ्या घेत, आपटत वाहू लागलं आणि त्याचे हादरे वरच्या भरावाला बसू लागले. मोरीच्या माथ्यावरची माती खचायला लागली. ती थोडीथोडकी खचली नाही, काही तासांत चार फुटांहून जास्त खाली गेली. मातीच्या धरणाला माथ्यावरून वाहणारं पाणी अजिबात सोसत नाही. एकदा का वरून धार सुरू झाली की ती भराव कापत खाली जाते. म्हणून लष्कराच्या जवानांनी रात्रभर, भर पावसात, खचलेल्या जागी वाळूची पोती रचली. ती पोती धरण वाचवू शकली नाहीत, पण त्यांनी फूट पहाटेच्या पुढे ढकलली. हेच पाणी मध्यरात्री पुण्यात शिरलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. त्या जवानांचं ऋण पुण्यावर आहे.

१२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. त्याचं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. खडकवासल्याचं दगडी धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधलेलं, ऐंशी वर्षांहून जास्त टिकलेलं. पण हा घास त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. आजच्या आकड्यांत सांगायचं तर पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी आणि खडकवासल्याची १.९७ टीएमसी, म्हणजे वरचं भांडं खालच्याच्या पाचपट. त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा, डेक्कन जिमखान्याचा सखल भाग, सोमवार-मंगळवार पेठांचा काठ पाण्याखाली गेला. मृतांच्या आकड्यावर कधीच एकमत झालं नाही. पाणी ओसरल्यावर पुरात बुडालेल्या शहरात प्यायला पाणी नव्हतं, कारण नळाचं पाणी खडकवासल्यातूनच यायचं.

आमच्या वाड्यात आदल्या रात्री कोणीही सांगायला आलं नाही. सकाळी वडील नेहमीप्रमाणे डबा घेऊन कामाला निघाले होते. बोळाच्या तोंडाशी पाणी पाहून परत फिरले. आईने देव, धाकटी बहीण आणि पिठाचा डबा एवढंच उचललं. त्या वर्षानंतर वाड्याच्या भिंतीवर आजोबांनी पाण्याची पातळी तेलरंगाने रेघ ओढून दाखवली होती. ती माझ्या डोक्याच्या बरीच वर होती.

आता हिशेबाकडे येतो.

वर्गात मी फळ्यावर एक चौकोन काढायचो. चौकोन म्हणजे माणसाच्या हातातला निर्णय, वर्तुळ म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची गोष्ट. चौकोनातून दोन फांद्या: यंदा घळ भरायची, किंवा वर्षभर थांबायचं. थांबलो तर नुकसान ठरलेलं आहे, एका हंगामाचं पाणी. त्याला एक एकक म्हणू. भरली तर पुढे वर्तुळ येतं. धरण टिकलं तर ते एक एकक वाचतं, नुकसान शून्य. फुटलं तर किती नुकसान? धरण जातं, खालचं धरण जातं, शहराचा पाणीपुरवठा जातो, हजारो घरं जातात, माणसं जातात. समजा हे शंभर एककं धरलं. हा आकडा माझा, केवळ उदाहरणापुरता. मुलांना मी विचारायचो, फुटण्याची शक्यता किती कमी असेल तर घळ भरणं शहाणपणाचं? उत्तर साध्या भागाकारात येतं: शंभरात एकाहून कमी. म्हणजे 'फुटणार नाही असं वाटतं' एवढं पुरत नाही. अपुऱ्या सांडव्याच्या, अपुऱ्या दारांच्या नव्या कोऱ्या मातीच्या धरणाबद्दल शंभरात नव्याण्णवपेक्षा जास्त खात्री असावी लागते. आणि मातीच्या धरणांच्या फुटीचा मोठा वाटा पहिल्या भरणीच्याच वेळचा असतो, हे जगभरच्या अभियंत्यांना ठाऊक आहे.

एखादा चलाख विद्यार्थी म्हणायचा, सर, शक्यता किती हे त्या वेळी कोणाला माहीतच नव्हतं. खरं आहे. पण शक्यता माहीत नसतानाही निर्णय तोलायची रीत १९६१ च्या दहा वर्षं आधी छापून झाली होती. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लेनर्ड सॅव्हेजने १९५१ मध्ये मांडलेली पश्चात्तापाची कसोटी ती. प्रत्येक पर्यायासाठी सर्वांत मोठा पश्चात्ताप किती, ते पाहायचं. ज्याचा सर्वांत मोठा पश्चात्ताप सर्वांत लहान, तो पर्याय घ्यायचा. थांबलो आणि धरण टिकलं असतं असं नंतर कळलं, तर पश्चात्ताप एका हंगामाचा. भरलं आणि फुटलं तर पश्चात्ताप नव्याण्णवचा, कारण थांबलो असतो तर एकच एकक गेलं असतं. इथे शक्यतेचा एकही आकडा लागत नाही. पानशेत पुन्हा बांधून पुरं झालं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला; एका वर्षाच्या घाईत दहा वर्षं गेली. माझ्या मते पानशेतच्या निर्णयाचा निकाल या एका कसोटीवर लागतो.

कोणी म्हणेल, ही सगळी पुस्तकी विद्या परदेशातली, आपल्या बांधकाम खात्यापर्यंत ती कुठून पोहोचणार? तसं नव्हतं. पुराचं संख्याशास्त्र या देशात तेव्हा चाळीस वर्षांचं जुनं होतं. १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरानंतर सरकारने प्रशांतचंद्र महालनोबिस यांना जुन्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासायला लावलं, पुढे ओरिसातल्या नद्यांचंही काम त्यांनी केलं. नदीचं पात्र भरून वर आलंय, बंधारे उंच करा, असं अभियंते म्हणत होते. नोंदींतून पात्र वर आल्याचं दिसत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि निर्णयशास्त्राचा एक पायाच घालणारा अब्राहम वाल्ड तर भारतातच गेला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानं द्यायला आला असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात त्याचं विमान कोसळलं. त्याच वर्षी त्याचं संख्याशास्त्रीय निर्णयांवरचं पुस्तक बाहेर पडलं होतं.

पण निष्काळजीपणा मोजायची रीत खुद्द न्यायालयातून आली, ती न्यूयॉर्कच्या बंदरातून. ४ जानेवारी १९४४ ला 'ॲना सी' नावाचा एक मालवाहू बार्ज धक्क्यावरून सुटला, एका टँकरच्या पंख्यावर आदळला आणि बुडाला. त्यात अमेरिकी सरकारच्या मालकीचं पीठ भरलेलं होतं. बार्जचा रखवालदार आदल्या संध्याकाळपासून एकवीस तास गैरहजर होता. तो असता तर भोक पडल्याचं वेळीच कळलं असतं. रखवालदार ठेवायला हवा होता का, असा प्रश्न न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यापुढे आला. १९४७ च्या निकालात त्यांनी तो तीन राशींत मांडला. काळजी घ्यायचा खर्च एकीकडे. दुसरीकडे अपघाताची शक्यता गुणिले होणारं नुकसान. खर्च या गुणाकाराहून कमी असेल आणि तरीही काळजी घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. ऐन युद्धाचे दिवस, गजबजलेलं बंदर, हिवाळ्याचे लहान दिवस, दोऱ्या सारख्या सुटत-बांधत असलेल्या. अशा वेळी दिवसाच्या कामाच्या तासांत रखवालदार असायलाच हवा होता, असं त्यांनी ठरवलं.

हाच तराजू पानशेतला लावून पाहा, आणि घळभरणीच्या निर्णयाला नव्हे तर ११ जुलैच्या रात्रीला लावा. त्या रात्री पुण्याला जागं करायचा खर्च किती होता? ध्वनिक्षेपक लावलेल्या काही गाड्या, पोलिसांच्या तुकड्या, उंचावरच्या शाळा-देवळांत नदीकाठच्या लोकांची एका रात्रीची सोय. आणि धरण टिकलं असतं तर सकाळी झालेली थोडी फजिती. घळ भरायची की नाही हे ठरवताना फुटण्याची शक्यता कोणी अगदी लहान धरली असेल, असू दे. पण त्या रात्री तासातासाला माती खचत होती, जवान पोती टाकत होते. शक्यता दर तासाला चढत होती. जागं करायचा खर्च जिथल्या तिथे होता. हँडच्या तराजूत इतकं सरळ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. घळ भरायचा निर्णय चुकला की नाही यावर अभियंते वाद घालोत. त्या रात्रीच्या गप्प बसण्यावर वादाला जागा नाही.

हे गणित सरकारने स्वतःहून स्वतःला लावून घेतल्याचं उदाहरण म्हणजे नेदरलँड्स. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचं वादळ भरतीबरोबर आत आलं, बांध फुटले आणि १,८३६ माणसं मेली. तिथेही धोक्याची सूचना निघाली होती, पण रात्री रेडिओची केंद्रं बंद असायची आणि बरीच गावं झोपेतच बुडाली. बांध कमी उंचीचे आहेत हे योहान व्हान व्हेन नावाचा सरकारी अभियंता कित्येक वर्षं आपल्याच खात्याला सांगत होता. आपत्तीनंतर काही आठवड्यांत डेल्टा आयोग नेमला गेला आणि त्यात ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातल्या डेव्हिड व्हान दान्त्सिखकडे एक प्रश्न सोपवला गेला: बांध किती उंच असावेत?

प्रश्न ऐकायला अभियांत्रिकीचा वाटतो, पण त्याला अभियांत्रिकीत उत्तर नाही. कितीही उंच बांध घाला, त्याहून उंच लाट कधीतरी येईल. व्हान दान्त्सिखने तो निर्णयाचा प्रश्न केला. बांध जितका उंच तितका खर्च जास्त. जितका उंच तितकी तो ओलांडला जाण्याची शक्यता कमी. किती पातळीपर्यंत पाणी किती वेळा चढलं याच्या जुन्या नोंदी मांडल्या की शक्यता ठरावीक गतीने उतरत जाते, हे वेमेल्सफेल्डर नावाच्या अभियंत्याने १९३९ मध्येच दाखवलं होतं. मग बांधाचा खर्च आणि शक्यता गुणिले नुकसान, या दोघांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती उंची योग्य. १९५६ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'मध्ये त्याचा हा लेख छापला गेला. पानशेतची माती तेव्हा खणायलाही सुरुवात झाली नव्हती. हुक व्हान हॉलंडला १९५३ मध्ये पाणी ३.८५ मीटर चढलं होतं. आयोगाने तिथे पाच मीटरची पातळी आधाराला धरली, म्हणजे वर्षाला दहा हजारांत एक एवढीच शक्यता. १९५८ मध्ये संसदेने कायदा केला. मला यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. सरकारने आकडा जाहीर केला, हे महत्त्वाचं वाटतं. 'आम्ही तुम्हाला इतकं सुरक्षित ठेवू' असं छापून सांगितलं की उद्या त्यावर जाब विचारता येतो. माणसाचा जीव पैशात कसा धरायचा, ही अडचणही व्हान दान्त्सिखने झाकली नाही, उघड मांडली.

आपल्याकडे जाब विचारायची वाट कायद्याने फार जुन्या काळापासून अरुंद करून ठेवली होती. कलकत्त्याच्या खिदिरपूरला सरकारी गोदी होती. तिथले कामगार लोखंडाचा एक जड तुकडा उचलून नेत असताना पी. अँड ओ. कंपनीची घोडागाडी आली, तुकडा दाणकन पडला, घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीने ३५० रुपये भरपाई मागितली. १८६१ मध्ये मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरलं, पण त्यासाठी एक रेघ ओढली: व्यापाऱ्यासारखं काम करताना सरकार जबाबदार, राजसत्तेचं काम करताना नाही. पुढे शंभर वर्षं ही रेघ भारतातल्या न्यायालयांनी जपली, आणि घटनेच्या कलम ३०० मध्ये तिला आसरा मिळाला. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल या प्रश्नावर १९५६ मध्ये दिला आणि कायदा करा असं सुचवलं. विधेयक १९६५ आणि १९६७ मध्ये आलं आणि बारगळलं.

त्यात सर्वांत दुःखद निकाल एका मराठी न्यायमूर्तींचा आहे. मेरठच्या पोलिसांनी १९४७ मध्ये कस्तुरीलाल यांच्या पेढीतल्या माणसाकडून सोनं-चांदी जप्त केली. मालखान्यातलं ते सोनं घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला: पोलिसांनी निष्काळजीपणा केला, पण अटक आणि जप्ती ही राजसत्तेची कामं, सबब सरकार भरपाईला बांधलेलं नाही. निकालाच्या शेवटी त्यांनी स्वतःच या परिस्थितीबद्दल अस्वस्थता व्यक्त केली आणि संसदेने कायदा करावा असं सुचवलं. गजेंद्रगडकरांसारख्या कामगारांच्या बाजूने उभं राहिलेल्या न्यायाधीशालाही त्या रेघेपलीकडे जाता आलं नाही. पुढे १९९३ मध्ये निलाबती बेहेरा आणि १९९४ मध्ये नागेंद्र राव यांच्या प्रकरणांत ती रेघ बरीच पुसली गेली, पण कायदा आजतागायत झालेला नाही.

पानशेतच्या पूरग्रस्तांना जे मिळालं ते मदत म्हणून मिळालं. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. चौकशी आयोगाचं काम न्या. बावडेकर यांच्याकडे होतं. ते पुरं होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला आणि आयोग न्या. नाईक यांच्याकडे गेला. घर मिळणं ही मोठी गोष्ट होती, आमच्याही नात्यातल्या दोन कुटुंबांना तिथे आसरा मिळाला. पण सरकारने 'आमच्या निर्णयाने तुमचं हे नुकसान झालं, म्हणून हे देणं लागतो' असं म्हटलेलं नव्हतं.

अमेरिकेत पानशेतची जुळी बहीण शोभेल अशी घटना पंधरा वर्षांनी घडली. आयडाहो राज्यातलं टेटन धरण मातीचंच, सरकारी खात्याने बांधलेलं, पहिलीच भरणी. मुख्य विमोचकाचं काम अपुरं, तलाव दिवसाला एक फूट चढवायचा ही मूळ मर्यादा सैल करून दोन फुटांची केलेली. ५ जून १९७६ ला सकाळी गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटलं. पण मधल्या काळात शेरीफना कळवलं गेलं, खालच्या गावांतून लोक हलवले गेले, मृत्यू अकरा. सप्टेंबरमध्ये त्यांच्या संसदेने खास कायदा केला आणि निष्काळजीपणा सिद्ध करायची अट न घालता सरकारने तीस कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. अभियंत्यांच्या घाईत फरक नव्हता. फरक होता सकाळच्या त्या निरोपात, आणि नंतर घेतलेल्या जबाबदारीत.

या गणितावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. बेरीज करताना फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा हे पुसलं जातं. पानशेतच्या पाण्यावर कालव्याखालची दौंड-इंदापूरकडची शेती भिजणार होती. बुडाल्या त्या पुण्याच्या पेठा. एकाच्या उसाचं एक एकक आणि दुसऱ्याच्या मुलाचं एक एकक यांची वजाबाकी करायचा अधिकार कोणी दिला? म्हणून सूत्राने निर्णय घ्यावा असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्यावर धोका लादला त्यांना भरपाई द्यायचीच, मग निर्णय कितीही शहाणपणाचा असो. सूत्राचं काम त्याच्या आधीचं आहे: अधिकाऱ्याला आपल्या मनातली शक्यता आणि नुकसान कागदावर लिहायला लावणं. निकाल वाईट आला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पण ज्या निर्णयामागे असा कागदच नाही, तो निकाल चांगला आला तरी वाईट.

आपल्या न्यायालयांना असं गणित परकं नाही. मोटार अपघातात मेलेल्या माणसाचं मोल रोज काढलं जातं: वर्षाची मिळकत, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. सरला वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो तक्ता पक्का केला. पंचविशीपर्यंत १८, मग १७, मग १६, असा तो उतरत जातो. म्हणजे नुकसानाची रास मोजायला आपण शिकलो. शक्यतेची रास मात्र कोणत्याही न्यायालयाने सरकारकडे मागितल्याचं मला दिसलेलं नाही.

आणि मोजलेलं असूनही न वागणं, हे तर त्याहून जड. मुंबईचे पावसाळी नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले. ते ५० पर्यंत वाढवा, असा अहवाल १९९३ मध्ये तयार झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्यातलं बरंचसं काम कागदावरच होतं. एवढ्या पावसापुढे ५० चे नालेही अपुरे पडले असते, हे खरं. पण त्या मधल्या बारा वर्षांत शहर कितीदा तुंबलं, त्या प्रत्येक वेळचा हिशेब त्या अहवालात आधीच लिहिलेला होता.

आज हे गणित तुमच्या-माझ्या दारापर्यंत आलं आहे. नदीकाठच्या नकाशांवर निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे आता चोवीस वर्षं निर्धास्त, असं लोक समजतात. तसं नाही. दरवर्षी पंचविसात एक. निळ्या रेषेवर घर घेऊन पंचवीस वर्षं राहिलात तर त्या काळात एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता चौसष्ट टक्के आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात हा आकडा नसतो. तो तिथे छापणं सक्तीचं व्हावं.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. धरण गळतंय, हे गावकरी आधीपासून सांगत होते. पुन्हा तेच: धोका दिसत होता, काळजीचा खर्च थोडा होता, आणि रात्र होती.

डिसेंबर २०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा आला. पानशेतच्या साठ वर्षांनंतर पहिल्यांदा कायद्याने म्हटलं की पहिल्या भरणीआधी भरणीचा आराखडा हवा आणि आणीबाणीचा आराखडाही हवा. जुन्या धरणांना आणीबाणीचा आराखडा करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. ती डिसेंबर २०२६ ला संपते. भरपाईचं कलम मात्र त्यात नाही. ते आणायला आमदार-खासदारांना भाग पाडावं लागेल, आणि सेटलवाड आयोगाचा अहवाल त्यासाठी तयार आहे.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाला करता येईल. तुमच्या गावाच्या किंवा वस्तीच्या वर जे धरण असेल, त्याचा आणीबाणी आराखडा जलसंपदा खात्याकडे माहितीच्या अधिकारात मागा. त्यात धरण फुटलं तर पाणी तुमच्या दारी किती मिनिटांत पोहोचेल आणि तुम्हाला कोण, कशाने कळवणार, हे लिहिलेलं असायला हवं. नसेल तर का नाही, हे लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.